ॲशवेलची भिंत : महामारीतून वाचलेल्यांची साक्ष

१/ इंग्लंडमधील हार्टफर्डशायर परगण्यात ॲशवेल हे गाव आहे. तेथील सेंट मेरी हे चौदाव्या शतकात उभे राहिलेले पॅरिश चर्च, म्हणजे गावकऱ्यांचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन जेथे होई ते ग्रामचर्च. त्याचा मनोरा शिखरासह सुमारे १७६ फूट उंच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्या मनोऱ्याची आतील भिंत अधिक मोलाची वाटते.

२/ १३४८ च्या उन्हाळ्यात प्लेगची साथ समुद्रमार्गे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोहोचली. पुढील दीड-दोन वर्षांत देशाची किमान एक तृतीयांश, कदाचित निम्मी लोकसंख्या मृत्युमुखी पडली.

३/ याच सुमारास ॲशवेलच्या भिंतीवर कोणीतरी टोकदार हत्याराने लॅटिन अक्षरे कोरली. वर्ष कोड्यासारखे दिले आहे : एक हजार, तीन वेळा शंभर, पाच वेळा दहा. म्हणजेच १३५०. त्या काळाला तो दयनीय आणि हिंस्र म्हणतो. साक्ष द्यायला उरले ते केवळ निकृष्ट लोक, असेही लिहितो.

४/ त्याखाली १३६१ ची नोंद आहे. त्या वर्षी प्लेग परतला आणि त्यात लहान मुले मोठ्या संख्येने दगावली. शेवटी सेंट मॉरसच्या दिवशी, १५ जानेवारीला, प्रचंड वादळ झाले. आजच्या गणनेनुसार ते वर्ष १३६२ ठरते. कारण तेव्हा इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई.

५/ ही अक्षरे कोरता आली, याचे श्रेय दगडाला आहे. येथे वापरलेला 'क्लंच' हा खडूच्या जातीचा मऊ दगड सहज कोरला जातो. याच भिंतींवर एका भव्य चर्चचे रेखाचित्रही आहे. १६६६ च्या आगीत नष्ट झालेले लंडनचे जुने सेंट पॉल कॅथीड्रल ते हेच, असे अभ्यासक मानतात.

६/ त्या महामारीचा इतिहास प्रामुख्याने मठांतील इतिवृत्ते, बिशपांची दप्तरे आणि जमीनदारांचे हिशेब यांतून कळतो. बिशपांच्या दप्तरांत मृत धर्मगुरूंच्या जागी झालेल्या नेमणुका सापडतात, हिशेबांत ओस पडलेल्या जमिनी. वाचलेल्या माणसाला स्वतःविषयी काय वाटत होते, ते त्यांत क्वचितच उमटते. ॲशवेलच्या अनामिकाने जगल्याचा आनंद नोंदवला नाही. चांगले गेले आणि आपण उरलो, ही बोच नोंदवली.

७/ राजे आणि लढाया यांपलीकडचा इतिहास शोधताना जुन्या वास्तूंच्या भिंतीही वाचाव्या लागतात, त्या यासाठीच.