सैनिक शिक्षण-सवलती (देवरी, जि. गोंदिया)

माजी सैनिक, सेवारत सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी शासनाकडून मिळणारी शुल्कमाफी, अनुदाने, शिष्यवृत्त्या आणि राखीव जागा. देवरी हे मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील, छत्तीसगडच्या सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा होण्यापूर्वी तालुका भंडारा जिल्ह्यात होता. येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत.

राखीव सैनिक : अमेरिकेत नॅशनल गार्ड या राखीव दलातील जवानाला अनेक राज्ये महाविद्यालयीन शुल्कात थेट सवलत देतात. महाराष्ट्रातील योजनांचा रोख मात्र सैनिकापेक्षा त्याची पत्नी व मुले यांच्याकडे आहे. भारतात राखीव सैनिकाच्या सर्वांत जवळ जाणारी संस्था म्हणजे १९४८च्या कायद्याने स्थापन झालेली प्रादेशिक सेना. तिचे उद्‌घाटन ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी केले. नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यात तिची ११८वी पायदळ बटालियन (ग्रेनेडियर्स) आहे. या कायद्याने जवानाची मूळ नोकरी सुरक्षित राहते. शिक्षणाची तरतूद त्यात नाही. शिवाय केंद्राच्या १९७९च्या नियमांनुसार प्रादेशिक सेनेतील प्रत्येक जवान ‘माजी सैनिक’ ठरत नाही. सेवेबद्दल निवृत्तिवेतन मिळणारे, लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेले आणि शौर्यपदकविजेते एवढेच त्या व्याख्येत बसतात. बहुतेक सवलतींचे दार या एका व्याख्येने उघडते किंवा बंद होते, म्हणून ती येथे विस्ताराने दिली आहे.

शुल्कमाफी : राज्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाची माजी सैनिकांच्या पाल्यांसाठीची शैक्षणिक सवलत ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावरून मिळते. अर्जासोबत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. ते काढताना सैनिकाचे डिस्चार्ज बुक पाहिले जाते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लोक अजून ‘सैनिक बोर्ड’च म्हणतात. डिस्चार्ज बुकात मुलांची नावे नोंदलेली नसतील किंवा शाळेच्या दाखल्यापेक्षा वेगळी असतील, तर प्रकरण तेथेच अडते. अशी दुरुस्ती सैनिकाच्या अभिलेख कार्यालयाकडून करून घ्यावी लागते आणि ते कार्यालय बहुधा परप्रांतात असते. देवरी तालुक्यात अनुसूचित जमातीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील सैनिक-पाल्य सर्वसाधारणपणे आदिवासी विकास विभागाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेतात, कारण तीत शुल्काबरोबर निर्वाहभत्ताही मिळतो.

केंद्रीय अनुदाने : पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६-०७पासून चालू आहे. दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्यांपैकी निम्म्या मुलींसाठी असतात. दरमहा मुलींना ३,००० व मुलांना २,५०० रुपये मिळतात (२०१९पूर्वी २,२५० व २,०००). पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण हवेत आणि अभ्यासक्रम व्यावसायिक हवा. या दुसऱ्या अटीमुळे साध्या बी.ए., बी.एस्सी.चे विद्यार्थी बाहेर राहतात. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्यांना ती विशेष जाचक आहे. त्यांच्या उपयोगाचे आहे ते केंद्रीय सैनिक बोर्डाचे शिक्षण अनुदान. हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत ते मिळते. सैनिकाच्या विधवेला पदव्युत्तर शिक्षणासाठीही ते घेता येते. रक्कम दरमहा १,००० रुपये होती; १ नोव्हेंबर २०२५पासून २,००० करण्यात आली.

युद्धात मृत्यू पावलेल्या, बेपत्ता झालेल्या वा अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी १९७२पासून वेगळी सवलत आहे. जुलै २०१७पासून तिच्यावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. टीका झाल्यावर मार्च २०१८मध्ये ही मर्यादा मागे घेण्यात आली.

राखीव जागा : व्यावसायिक अभ्यासक्रमांत सैनिकांच्या पाल्यांना ५ टक्के. माजी सैनिकांची मुले ‘डीईएफ-१’, सेवारतांची ‘डीईएफ-२’. दोन्हींसाठी महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र आवश्यक.

सैनिकाचे स्वतःचे शिक्षण : दहावी किंवा लष्कराचे ‘स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन’ उत्तीर्ण असलेल्या आणि पंधरा वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला राज्याच्या गट ‘क’ पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने पात्र धरले जाते. ही समकक्षता नोकरीपुरती आहे. पदव्युत्तर प्रवेशाला ती चालत नाही. प्रत्यक्ष पदवी हवी असलेल्यांना नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्था. १९८९) सोयीचे पडते.

जून २०२२मध्ये जाहीर झालेल्या ‘अग्निपथ’ योजनेत चार वर्षांची सेवा व त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम नियुक्ती, अशी रचना आहे. अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पदवी अभ्यासक्रम आखला असून त्यातील निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणातून धरले जातात. बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला मूळ योजनेनुसार माजी सैनिकाचा दर्जा नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६-२७मध्ये पूर्ण होत असल्याने वरील सवलतींच्या संदर्भात हा मुद्दा वादाचा आहे.

पोलीस : देवरी, सालेकसा हा पट्टा नक्षलग्रस्त मानला जात आला आहे; देवरी येथे अपर पोलीस अधीक्षकांचा कॅम्प आहे. दहशतवादी वा नक्षलवादी हल्ल्यात मृत्यू पावलेल्या राज्य पोलिसांच्या पाल्यांना पंतप्रधान शिष्यवृत्ती ३१ मे २०१९च्या निर्णयाने खुली झाली. त्यांच्यासाठी वर्षाला ५०० शिष्यवृत्त्या ठेवल्या आहेत. त्याच महिन्याच्या १ तारखेला शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगस्फोटात १५ पोलीस व एक वाहनचालक ठार झाले होते.

वसतिगृहे : सैनिक कल्याण विभागातर्फे (मुख्यालय पुणे) राज्यातील अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिक-पाल्यांसाठी चालवली जातात.