हरमीत देसाई : सुरतच्या टेबल टेनिसपटूची ऑलिंपिकपर्यंतची लांब वाट

नंदुरबार, नवापूर, धुळ्याकडची कितीतरी घरं आज उधना-लिंबायतमध्ये नांदतायत. सुरत म्हटलं की आपल्या लोकांना साडी, लूम आणि हिरेच आठवतात. पण याच शहरातून भारताच्या टेबल टेनिस संघातला एक भरवशाचा खेळाडू आला, तो म्हणजे हरमीत देसाई. जन्म १९ जुलै १९९३, सुरत. उजव्या हाताने खेळतो.

त्याचं नाव शरथ कमल किंवा जी. साथियान यांच्याइतकं घरोघरी पोचलं नाही. खरं सांगायचं तर बराच काळ तो संघातला ‘तिसरा’ होता. पण सांघिक लढतीत तिसऱ्याचं काम काही हलकं नसतं. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत अंतिम फेरीत नायजेरियाला ३-० ने हरवलं, तेव्हा शेवटचा दुहेरीचा सामना हरमीत-साथियान जोडीने काढला. तिथेच मुंबईच्या सनिल शेट्टीबरोबर दुहेरीत कांस्यही मिळालं. त्याच वर्षी जकार्ता आशियाई स्पर्धेत पुरुष संघाने कांस्य आणलं. आशियाई स्पर्धेतलं टेबल टेनिसमधलं भारताचं ते पहिलंच पदक ठरलं.

बर्मिंगहॅम, २०२२. अंतिम फेरीत समोर सिंगापूर. हरमीत-साथियानने दुहेरी जिंकली, पण शरथ कमल क्लॅरेन्स च्यूकडून हरला आणि बरोबरी झाली. साथियानने आघाडी परत घेतली. चौथ्या सामन्यात हरमीतसमोर तोच च्यू उभा. हरमीतने त्याला सरळ ३-० ने हरवलं आणि सुवर्णपदक भारताकडेच राहिलं. आपल्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोलाचा विजय हाच.

एकट्याच्या बळावरही त्याने कमावलंय. २०१९ मध्ये कटकला राष्ट्रकुल अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने साथियानला ४-३ ने हरवलं. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२० च्या सुरुवातीला हैदराबादला तो राष्ट्रीय विजेता झाला. अंतिम सामन्यात समोर होता सुरतचाच मानव ठक्कर! दोघंही तेव्हा पीएसपीबीकडून, म्हणजे सरकारी तेल कंपन्यांच्या क्रीडा मंडळाकडून खेळत होते. पोरगं खेळून पोट भरेल का, असं विचारणाऱ्या पालकांनी ही व्यवस्था माहीत करून घ्यावी.

ऑलिंपिकने मात्र त्याला बरंच थांबवलं. रिओला शरथ कमल आणि सौम्यजित घोष गेले, टोकियोला शरथ आणि साथियान. हरमीत दोन्ही वेळा बाहेर. या खेळात जागतिक रँकिंग म्हणजे घरात ठेवलेली ठेव नव्हे. गेल्या बारा महिन्यांतले सर्वांत चांगले आठ निकाल धरतात, जुने गुण गळून पडतात. म्हणून बॅग उचलून देशोदेशी फिरत राहावं लागतं. विश्रांती घेतली की खाली घसरलाच.

अखेर २०२४ ला पॅरिसचं तिकीट मिळालं, वयाच्या ३१ व्या वर्षी. भारताचा पुरुष संघ सांघिक प्रकारात ऑलिंपिकला पात्र ठरण्याची ती पहिलीच वेळ. एकेरीत त्याने जॉर्डनच्या झैद अबू यमनला ४-० ने हरवलं. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या १७ वर्षांच्या फेलिक्स लेब्रुनने त्याला ४-० ने हरवलं. त्याच लेब्रुनने नंतर एकेरीचं कांस्य जिंकलं, हेही लक्षात ठेवायला हवं. सांघिकमध्ये पहिलीच गाठ चीनशी पडली. दुहेरीला हरमीत आणि मानव उतरले, समोर मा लाँग आणि वांग चुचिन. निकाल ०-३. तरी तिघांच्या ऑलिंपिक संघात दोघं सुरतचे, हे काय कमी आहे?

सुरतकरांनी ही जोडी घरच्या मैदानातही पाहिलीय. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतलं टेबल टेनिस सुरतेतच झालं आणि गुजरातच्या पुरुष संघाने सुवर्ण पटकावलं.

लीगमध्ये तो गोवा चॅलेंजर्सकडून खेळतो. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं अल्टिमेट टेबल टेनिसचं विजेतेपद याच संघाकडे गेलं. त्यातलं पहिलं पुण्याच्या बालेवाडीत.