सबुरी नेमकी कशाची? : चार्लटनच्या सात वर्षांविषयी

'धीर', 'सबुरी', 'सोशिकता' आणि 'चिकाटी' हे शब्द आपण मराठीत बऱ्याचदा एकमेकांच्या जागी वापरतो. शब्दकोशातही ते शेजारी नांदतात. परंतु इतिहासातल्या एखाद्या प्रकरणाला ते लावून पाहू लागलो की त्यांच्यातले अंतर जाणवू लागते. सोशिक माणूस जे वाट्याला येईल ते सोसतो. सबुरी धरणारा कशाची तरी वाट पाहत असतो. चिकाटीत मात्र हातपाय हलवणेही अभिप्रेत असते. पडत्या काळातल्या फुटबॉल क्लबच्या समर्थकांविषयी जे लेखन होते, त्यात हे सारे भेद पुसून 'निष्ठा' हा एकच शब्द वापरला जातो, आणि त्या शब्दाला हळूहळू भक्तीचा गंध येऊ लागतो. समर्थक म्हणजे भक्त, मैदान म्हणजे देऊळ, पराभव म्हणजे देवाने घेतलेली परीक्षा! ही रूपके आम्हांला केवळ आळशी वाटत नाहीत, ती दिशाभूलही करतात असे वाटते. चार्लटन अ‍ॅथलेटिक या आग्नेय लंडनमधल्या क्लबच्या समर्थकांनी १९८५ ते १९९२ या काळात जे केले, त्याचा विचार करताना हे विशेष जाणवते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. टेम्स नदीच्या दक्षिण काठावर, वुलिचजवळच्या कारखान्यांच्या वस्तीत, काही पोरसवदा मुलांनी १९०५ साली हा क्लब काढला. त्या परिसरातला मोठा क्लब तेव्हा आर्सेनल हा होता. तो वुलिचच्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात जन्मला होता आणि १९१३ मध्ये नदी ओलांडून उत्तर लंडनला निघून गेला. क्लब आपली वस्ती सोडून जाऊ शकतो हे त्या भागातल्या लोकांनी असे फार लवकर पाहिले. चार्लटनने १९१९ मध्ये एका जुन्या खाणीच्या खड्ड्यात आपले मैदान केले. पैसे नव्हते, तेव्हा स्वयंसेवकांनी खड्डा खणून सपाट केला आणि निघालेल्या मातीचे उतार रचून प्रेक्षकांना उभे राहायला जागा केली. 'द व्हॅली' हे नाव बहुधा त्या खोलगट आकारावरूनच पडले. पुढे १९३८ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्धच्या चषक-सामन्याला याच मातीच्या उतारांवर ७५,०३१ माणसे उभी होती.

हा क्लब १९२३-२४ च्या मोसमात अधिक प्रेक्षक मिळतील या आशेने कॅटफर्डला गेला होता. प्रेक्षक आले नाहीत; वर्षभरातच क्लब परतला. साठ वर्षांनंतर ज्यांनी स्थलांतराचा निर्णय घेतला, त्यांनी आपल्याच क्लबचा हा धडा वाचला असता तर बरे झाले असते.

१९८४ मध्ये चार्लटन दिवाळखोरीच्या कडेला पोचला आणि न्यायालयाच्या संमतीने नव्या कंपनीच्या रूपाने जेमतेम तगला. मैदान मात्र जुन्या अध्यक्षांच्याच मालकीचे राहिले. म्हणजे क्लब एकाचा आणि जमीन दुसऱ्याची. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या मैदानात आग लागून ५६ माणसे मृत्युमुखी पडली आणि इंग्लंडमधल्या जुन्या मैदानांची तपासणी कडक झाली. व्हॅलीचा तो प्रचंड पूर्वेकडचा उतार असुरक्षित ठरून बंद झाला. पश्चिमेच्या सज्जामागची जमीन मालकाला परत हवी होती. ७ सप्टेंबर १९८५ रोजी सामन्याला आलेल्या प्रेक्षकांच्या हाती एक पत्रक पडले: क्लब व्हॅली सोडून क्रिस्टल पॅलेस या क्लबच्या सेलहर्स्ट पार्क मैदानात भाडेकरू म्हणून जाणार. दोन आठवड्यांनी, २१ सप्टेंबरला, स्टोक सिटीविरुद्ध शेवटचा सामना झाला. चार्लटनने तो २-० असा जिंकला.

सेलहर्स्ट पार्क हेदेखील दक्षिण लंडनमध्येच आहे. नकाशावर अंतर फारसे दिसत नाही. परंतु त्या भागातले लोहमार्ग बहुतांशी शहराच्या मध्याकडे धावतात. आडवे जायचे तर गाड्या बदलाव्या लागतात. शिवाय ते प्रतिस्पर्ध्याचे घर होते. ज्यांनी लहानपणापासून पायी मैदान गाठले, त्यांना हा प्रवास किती लांबचा वाटला असेल याची कल्पना नकाशावरून येणार नाही.

आता या प्रकरणातली खरी गंमत. लेनी लॉरेन्स या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ त्याच मोसमात, १९८६ मध्ये, पहिल्या विभागात चढला. १९५७ नंतर प्रथमच! पुढच्या वर्षी तो घसरता घसरता वाचला: लीड्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात, जादा वेळेत, पीटर शर्टलिफ या बचावपटूने दोन गोल केले. चार मोसम चार्लटन इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात टिकला. क्लबचा कारभार पाहणाऱ्यांच्या दृष्टीने पुनर्बांधणी यशस्वी झाली होती. 'थोडा धीर धरा, निकाल दिसतील' असे समर्थकांना नेहमी सांगितले जाते. इथे निकाल तर समोर होते. आणि तरीही माणसे येईनात. लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड यांच्याशी दोन हात करणाऱ्या या संघाची प्रेक्षकसंख्या त्या विभागातल्या इतरांच्या मानाने केविलवाणी राहिली. काही समर्थकांनी तर सेलहर्स्टला पाऊल टाकायचे नाही असा निश्चयच केला होता.

समर्थकांची सबुरी हा यशाच्या आशेवर दिलेला उधारीचा माल असतो, आज पराभव सोसा आणि उद्या विजय वसूल करा, असा जो सर्वसाधारण समज आहे, तो या चार वर्षांनी मोडीत काढला आहे असे आमचे मत आहे. विजय त्यांच्या पदरात टाकला गेला होता. त्यांनी तो नाकारला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु वसुली म्हणून त्यांनी तो स्वीकारला नाही. त्यांची सबुरी दुसऱ्याच कशाची तरी होती.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हे छोटे पुस्तक लिहिले. नायजेरियातली रेल्वे मालमोटारींची स्पर्धा असूनही सुधारत का नाही, या साध्या प्रश्नातून ते निघाले. संस्था खालावू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठेचे कार्य असे, की ती निघून जाणे लांबवते आणि आवाजाला अवसर देते. म्हणजे निष्ठा ही मुकी नसते. किंबहुना बोलण्यासाठीच ती थांबलेली असते. हर्शमनच्या डोळ्यांपुढे फुटबॉल नव्हता. पण १९८८ मध्ये चार्लटनच्या समर्थकांनी जे अनियतकालिक सुरू केले, त्याचे नाव होते 'व्हॉइस ऑफ द व्हॅली'.

रिक एव्हरिट हे त्याचे संपादक. आपल्याकडच्या वाचकाला इथे साठोत्तरी लघुअनियतकालिकांची आठवण होईल आणि ती अगदीच अनाठायी नाही. प्रस्थापित व्यासपीठाबाहेर, स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या भाषेत लिहिण्याची ओढ दोन्हीकडे आहे. फरक असा, की आपल्या अनियतकालिकांना मोठा वाचकवर्ग मिळवण्याची फारशी फिकीर नव्हती, तर या अंकाला नेमका तोच हवा होता. त्याने घरी परतणे हा एकच विषय धरला आणि तो सोडला नाही. क्लबच्या सूत्रधारांत बदल झाला, नव्या मंडळींनी मैदान ताब्यात घेतले आणि मार्च १९८९ मध्ये वुलिचच्या टाउन हॉलमधल्या सभेत परतण्याची घोषणा झाली. एप्रिलमध्ये समर्थक फावडी-कुदळी घेऊन व्हॅलीत उतरले. साडेतीन वर्षांत तिथे रान माजले होते. त्यांनी ते उपटले आणि खेळपट्टीवरच ढीग रचून पेटवले. १९१९ मध्ये ज्या खड्ड्यात स्वयंसेवक माती उपसत होते, त्याच खड्ड्यात हे घडत होते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. परंतु ३१ जानेवारी १९९० रोजी ग्रीनिच कौन्सिलच्या नियोजन समितीने नव्या मैदानाचा आराखडा १० विरुद्ध २ मतांनी फेटाळला. कौन्सिलची बाजूही इथे समजून घ्यायला हवी. मैदानाभोवती दाट घरे आहेत, आणि आराखड्यात खेळाबरोबर व्यापारी बांधकामही होते. पण समर्थकांनी आता सबुरीचा जो अर्थ लावला तो इंग्लंडच्या फुटबॉलला नवा होता. त्यांनी पक्ष काढला. 'व्हॅली पार्टी' मे १९९० च्या स्थानिक निवडणुकीत ६२ पैकी ६० जागांवर उभी राहिली. ज्यांनी परतण्याच्या बाजूने मत दिले होते, त्यांच्या विरोधात तिने उमेदवार दिला नाही. मोठमोठे फलक लागले, घरोघर फिरणे झाले. जागा एकही मिळाली नाही. मते मिळाली १४,८३८, म्हणजे १०.९ टक्के. नियोजन समितीच्या अध्यक्षांना मात्र आपली जागा गमवावी लागली. संघ त्याच वसंतात पहिल्या विभागातून खाली घसरला होता. एकीकडे घसरण आणि दुसरीकडे हा प्रचार, आणि त्यांतला प्रचार अधिक जोमाचा!

साहित्याच्या अभ्यासकांनी एवढ्यासाठी हे प्रकरण वाचावे असे आम्हांला वाटते, की या माणसांची हत्यारे बहुतांशी लेखनाची होती: अंक, पत्रके, फलकावरच्या चार शब्दांची ओळ, कौन्सिलला लिहिलेली पत्रे. फुटबॉलचा प्रेक्षक त्या दशकात इंग्लंडच्या सत्ताधाऱ्यांना आणि वृत्तपत्रांना दंगलखोर वाटत होता. त्याच प्रेक्षकाने मतपत्रिकेवर आपले नाव छापून आणले.

एप्रिल १९९१ मध्ये परवानगी मिळाली. क्लबने सेलहर्स्ट पार्क सोडले, आणि व्हॅली तयार होईपर्यंत वेस्ट हॅमच्या अप्टन पार्कमध्ये बस्तान ठेवले. (चार्लटनने रिकामी केलेली भाडेकरूची जागा त्याच वर्षी विम्बल्डन या क्लबने घेतली. २००२ मध्ये त्या क्लबला दूरच्या मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी मिळाली तेव्हा त्याच्या समर्थकांनी स्वतःचा नवा क्लब काढून शेवटच्या पायऱ्यांपासून सुरुवात केली आणि २०२० मध्ये तो प्लाऊ लेनला परत आणला. निघून जाणे आणि आवाज उठवणे एकाच कृतीत कसे सामावते, हे हर्शमनला पाहायला आवडले असते.)

अप्टन पार्कमधला काळही लांबत गेला. तारखा पुढे ढकलल्या गेल्या, पैसा आटला. समर्थकांनी पुढच्या मोसमांच्या तिकिटांचे पैसे आगाऊ गुंतवले. आणि सप्टेंबर १९९२ मध्ये रॉबर्ट ली हा क्लबचा सर्वांत गुणी खेळाडू न्यूकॅसलला सात लाख पौंडांना विकण्यात आला. तो पुढे इंग्लंडकडून २१ सामने खेळला. एरवी अशी विक्री म्हणजे समर्थकांच्या रोषाला आमंत्रण. परंतु तो पैसा मैदानाकडे जात होता. संघ दुबळा होणार हे कळत असूनही त्यांनी ते पत्करले, आणि १९८६ मध्ये संघ बलिष्ठ होत असताना त्यांनी जे पत्करले नव्हते त्याच्याशेजारी हे ठेवून पाहिले, की त्यांची सबुरी कशाच्या बाबतीत होती आणि कशाच्या बाबतीत नव्हती हे स्पष्ट होते. पराभवाला, गरिबीला, खालच्या विभागाला त्यांनी सबुरी दिली. घर विकणाऱ्याला त्यांनी ती एक दिवसही दिली नाही.

५ डिसेंबर १९९२. पोर्ट्समथविरुद्ध सामना. कपडे बदलायला तात्पुरत्या खोल्या, जुन्या उतारावर गवत. प्रेक्षक ८,३३७, ज्या मैदानाने ७५ हजार पाहिले, त्यात एवढेच मावत होते. सातव्या मिनिटाला कॉलिन वॉल्शने गोल केला आणि सामना १-० असा सुटला. एखाद्या मध्यम संघाचा हिवाळ्यातला एक किरकोळ विजय. चार्लटनच्या इतिहासात मात्र १९४७ च्या एफ.ए. चषकाच्या पंक्तीला तो बसतो.

पुढचे थोडक्यात. अ‍ॅलन कर्बिशली १९९१ पासून आधी जोडीने आणि नंतर एकट्याने प्रशिक्षक होते. १९९८ मध्ये वेम्ब्लीवर संडरलंडशी ४-४ अशी बरोबरी आणि मग पेनल्टींवर ७-६ असा विजय मिळवून संघ प्रीमियर लीगमध्ये गेला. वर्षभरात घसरला, क्लबने कर्बिशलींना ठेवले, प्रेक्षकही टिकले, आणि २००० मध्ये संघ परतला तो सात मोसम टिकण्यासाठी. ते २००६ मध्ये गेल्यावर क्लबने एकाच मोसमात तीन प्रशिक्षक बदलले. २००७ मध्ये एक पायरी उतरली, २००९ मध्ये दुसरी.

या काळात समर्थक पराभव पाहत स्वस्थ बसल्यासारखे भासले असतील. पण रोलाँ द्युशातेले या बेल्जियन उद्योगपतीने २०१४ मध्ये क्लब घेतल्यावर त्यांची संघटना पुन्हा उभी राहिली. ऑक्टोबर २०१६ मध्ये कॉव्हेंट्री सिटीविरुद्धच्या सामन्यात दोन्हीकडच्या समर्थकांनी, आपापल्या मालकांच्या निषेधार्थ, मैदानात प्लास्टिकच्या डुकरांचा पाऊस पाडला. जानेवारी २०२० मध्ये क्लब विकला गेला. त्या व्यवहारात व्हॅलीची जमीन मात्र नव्हती. ती जुन्या मालकाकडेच राहिली, १९८४ मध्ये राहिली होती तशी. मे २०२५ मध्ये वेम्ब्लीवर लेटन ओरिएंटला १-० हरवून संघ वर चढला, तेव्हा त्या जल्लोषात सामील झालेल्यांपैकी कितीतरी जणांना पत्रक हाती पडलेला १९८५ चा तो शनिवार चांगला आठवत असणार.