वेतन संहिता आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील आस्थापना

वेतन संहिता, २०१९ हा किमान वेतन, वेतन देण्याची पद्धत, बोनस आणि समान मोबदला यांविषयीचा भारतीय कायदा आहे. वेतन प्रदान (१९३६), किमान वेतन (१९४८), बोनस प्रदान (१९६५) आणि समान मोबदला (१९७६) हे चार अधिनियम तिच्यात विलीन झाले. तिला ८ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. अंमल मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाला. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने, नागापूर व सुपा येथील औद्योगिक वसाहती, विडी उद्योग आणि असंख्य लहान दुकाने असल्यामुळे मालकांपुढील काम सर्वत्र एकसारखे नाही.

मालकांची कर्तव्ये

प्रत्येक कामगाराला वेतनपावती देणे, हजेरी व वेतनाची नोंदवही ठेवणे आणि वर्गवार वेतनदर, वेतनाचा दिवस व निरीक्षकाचे नाव-पत्ता दर्शविणारा फलक लावणे संहितेने बंधनकारक केले आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत, तर नोकरी सोडणाऱ्याचे वा काढलेल्याचे देणे कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागते. शेतीसाठी किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला नोंदवहीतून सूट आहे. तथापि निरीक्षकाने मागितल्यास वेतन दिल्याचा पुरावा त्यालाही दाखवावा लागतो. लिंगभेदावरून वेतनात वा भरतीत फरक करता येत नाही.

वसाहतींतील कारखान्यांना मुख्यतः वेतनरचना तपासावी लागते. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरची रक्कम वेतनच धरली जाते. मूळ पगार तुटपुंजा ठेवून भत्ते फुगविण्याची जुनी रीत त्यामुळे निरुपयोगी ठरते.

ऊसतोडणीतील अडचण

संहितेची खरी कसोटी उसाच्या फडात लागते. लोणी येथे १९५० मध्ये उभ्या राहिलेल्या प्रवरा कारखान्यापासून सहकारी साखर उद्योग जिल्ह्यात वाढला. त्याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या दरवर्षी तोडणीला बाहेर पडतात. पतिपत्नी मिळून ‘एक कोयता’ मानले जाते. मजुरी टनावर ठरते, हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि हिशोब बहुधा हंगामाअखेर होतो. दर राज्यपातळीवरील करारातून ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ही वाढ जाहीर असते. टोळीतील एका बाईच्या वाट्याला त्यातले किती आले, हे मात्र कोणत्याही कागदावर उमटत नाही. ती उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते, पण रक्कम कोयत्याच्या नावाने, म्हणजे प्रायः नवऱ्याच्या हाती जाते. वेतनपावती व्यक्तीची असावी ही संहितेची कल्पना येथे प्रचलित व्यवहाराच्या थेट विरुद्ध आहे.

‘खाडा’ हा दुसरा प्रश्न. आजारपण किंवा बाळंतपणामुळे काम बुडाले तर मुकादम मजुरीहून अधिक रक्कम दंड म्हणून कापतो, अशी प्रथा आहे. संहितेनुसार गैरहजेरीची कपात बुडालेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. दंड शासनाच्या पूर्वमान्यतेने जाहीर केलेल्या कारणांसाठी, कामगाराचे म्हणणे ऐकून आणि त्या कालावधीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपर्यंतच लावता येतो. उचलीसह सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत.

कारखाने तोडणीचा करार वाहतूकदार वा मुकादमाशी करतात आणि मजुरांशी आपला थेट संबंध नसल्याचे सांगतात. संहितेच्या व्याख्येत कंत्राटदारही मालक ठरतो. त्याने वेतन न दिल्यास आस्थापनेच्या स्वामीवर जबाबदारी येऊ शकते.

दावे व दंड

कमी वेतन दिल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होतो; पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदी न ठेवल्याबद्दल दंडाची मर्यादा १० हजार आहे. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि देणे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. मुकादमाच्या खिशातील वहीखेरीज दुसरा हिशोब नसेल, तर हा भार पेलणे मालकाला कठीण जाते.