जिन्याखालचे कपाट

जिन्याच्या उताराखाली उरणाऱ्या त्रिकोणी पोकळीत कप्पे, खण किंवा दारे बसवून केलेली कायमची साठवण. हिंगोली जिल्ह्यात तिला वेगळे नाव नाही. ताडपत्री कुठे आहे विचारले की उत्तर येते, ‘बघ, जिन्याखाली असंल.’

माळवदाच्या घरात अशा कपाटाची गरजच नव्हती. भिंत दोन-तीन फूट जाड. तिच्यातच कोनाडा, देवळी, फडताळ निघे. धान्याला भिंतीतले बळद किंवा जमिनीतले पेव. म्हणजे साठवण गवंडी बांधूनच देई, सुतार मागाहून येत नसे. वाड्यातला जिना पुष्कळदा भिंतीच्या जाडीतूनच वर जाई, त्यामुळे त्याच्या पोटात पोकळी अशी नसेच. लाकडी जिना असला तर खालच्या अंधारात सरपण आणि गोवऱ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या, तेव्हापासून माळवदाचा धसका मराठवाडाभर बसला. स्लॅबच्या घरांची भिंत चार किंवा नऊ इंचांची. फडताळ गेले, बळद गेले, आणि घरातल्या साठवणीचा भार जिन्याखालच्या कोपऱ्यावर येऊन पडला.

जागा दिसते तेवढी मिळत नाही. मजल्याची उंची दहा फूट, पायरी सात इंच उंच आणि दहा इंच रुंद धरली, तर सरळ जिन्याला सतरा चढ लागतात आणि तो जमिनीवर तेरा फुटांहून थोडा अधिक पसरतो. पहिल्या चार पायऱ्यांखाली चपला आणि केरसुणी यांपलीकडे काही मावत नाही. तिरप्या स्लॅबची जाडी वजा जाता माणूस उभा राहील एवढी उंची बाराव्या पायरीच्या आसपास येते. मध्ये वळणारा जिना असेल तर खालचा भाग बहुधा मुरूम भरून बंद केलेला असतो आणि वापराला उरते ती लँडिंगखालची, साडेचार फुटांची जागा.

खरी अडचण उंचीची नसून खोलीची आहे. जिना तीन फूट रुंद, म्हणून कपाटही तीन फूट खोल. हात दीड-दोन फूट पोचतो. त्यापलीकडे गेलेली वस्तू पुढच्या दिवाळीलाच भेटते. म्हणून आडव्या फळ्या टाकण्यापेक्षा चॅनेलवर ओढून काढायचे खोल खण बरे. तेवढा खर्च नको असेल, तर तळाला चाकांचे लाकडी खोके ठेवून पुढे नुसते शटर लावले तरी काम भागते. सुतार मात्र बहुतेकदा फळ्यांचाच आग्रह धरतो, कारण ते त्याला सोपे.

सामानाची निवड ओलीवर ठरते. घरातल्या कोरड्या जिन्याखाली १८ मिलिमीटर प्लाय आणि वर सनमायका चालते. जिना अंगणाच्या बाजूने बाहेरून चढत असेल, तर पावसाळ्यात पायऱ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपते आणि दोन-चार वर्षांत प्लाय फुगतो. तिथे विटांच्या उभ्या भिंतींवर कडप्प्याच्या फरशा टाकाव्यात. कडप्पा जड आणि काळपट खरा, पण त्याला ना वाळवी लागते ना ओल. तळाचा कप्पा जमिनीपासून चार इंच वर घ्यावा. खाली पोचा फिरतो आणि विंचू दडला असेल तर दिसतो.

चौकट जमिनीला आणि बाजूच्या भिंतीला कसावी. जिन्याच्या पोटाला भोके पाडून लटकवू नये: तिरप्या स्लॅबची मुख्य सळई खालच्याच बाजूला, प्लास्टर आणि काँक्रीटच्या पातळ थराआड असते. पायऱ्या बाजूच्या भिंतीत रोवलेल्या असतील किंवा भिंतीवरच टेकलेल्या असतील, तर दारासाठी ती भिंत फोडण्याआधी अभियंत्याला दाखवावी. अशा जिन्याला तीच भिंत धरून असते. २०२४ मध्ये मार्च आणि जुलै महिन्यांत जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. दोन्ही वेळा सकाळी लोक घराबाहेर पळाले. तेव्हा शटर उघडून वाटेत येणार नाही आणि जड डबे वरच्या कप्प्यात राहणार नाहीत, एवढे बघावे. दाराला मॅग्नेटपेक्षा कडी बरी.

काय ठेवू नये याची यादी काय ठेवावे याहून महत्त्वाची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो बंद कपाटाच्या तळाशी साचतो, म्हणून भरलेले सिलिंडर इथे नको. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तिला जाळीचे दार हवे, आणि वर कपड्यांची बोचकी नकोत. धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो फटींतून शेजारच्या खोलीत शिरून झोपलेल्या माणसांचा जीव घेऊ शकतो. गोळ्या टाकलेले पोते राहत्या घरात, मग ते जिन्याखाली का असेना, ठेवूच नये. फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्याही ज्वारीच्या कणगीशेजारी नकोत, पण शेतकऱ्याच्या घरी नेमकी हीच शेजारीण आढळते.

उरते ते पुष्कळ आहे. हळद वाळवायची ताडपत्री, घडी घातलेले बारदाने, मोटरीचा जुना स्टार्टर, उन्हाळ्यात गच्चीवर नेण्याच्या सतरंज्या, लोणच्याच्या बरण्या, पाहुण्यांच्या गाद्या. हंगाम संपताना ताडपत्री झटकून ठेवली नाही, तर कपाटाचा तळ वर्षभर पिवळा राहतो आणि गाद्यांनाही हळदीचा वास लागतो.

देव्हारा मात्र जिन्याखाली मांडत नाहीत. डोक्यावरून माणसांचे पाय जातात, हे त्याचे कारण; वास्तुशास्त्राचे पुस्तक न उघडलेली घरेही ते पाळतात. तिजोरीबाबत एकमत नाही.