आर्केडच्या खोक्याचं माहेर

घरात आर्केड मशीन उभं करणाऱ्याला लोक विचारतात, बाजारातलं हे धूड घरात कशाला? या यंत्राची कुळी पाहिली तर प्रश्नच उलटा पडतो. नाणं टाकून खेळायचा जो पहिला व्हिडिओ गेम कारखान्यातून बाजारात आला, तो १९७१चा 'कॉम्प्युटर स्पेस'. त्याची जुळवाजुळव कॅलिफोर्नियातल्या एका राहत्या घरात झाली. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी अँपेक्स कंपनीत इंजिनिअर होते. नोकरी सांभाळून त्यांनी हा उद्योग मांडला आणि त्यासाठी घरातल्या मुलीची झोपायची खोली रिकामी केली. कॉम्प्युटर परवडत नव्हता, तेव्हा त्यांनी तो वगळलाच आणि टीव्हीच्या पडद्यावर ठिपके हलवणारं सर्किट सुट्या चिप्समधून बांधलं. आर्केडच्या खोक्याचं माहेर घरच आहे. मधली वीस-पंचवीस वर्षं ते बाजारात नांदलं, इतकंच.

त्या दोघांना ज्या खेळाने झपाटलं होतं, तो 'स्पेसवॉर' १९६२चा. एमआयटीत पीडीपी-१ नावाचा, सव्वा लाख डॉलरच्या घरातला कॉम्प्युटर आला होता. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी त्यावर दोन अंतराळयानांची लढाई लिहिली. यातले बरेचजण तिथल्या मॉडेल रेल्वे क्लबचे. खेळण्यातल्या गाड्यांचे रूळ बदलायला टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले जोडणारी ही पोरं. यान चालवायला आधी कॉम्प्युटरच्या पॅनेलवरचेच स्विच वापरावे लागत. ते पडद्याच्या एका बाजूला असल्याने एका खेळाडूला पडदा नीट दिसे, दुसऱ्याला दिसत नसे आणि कोपरं भरून येत ती वेगळीच. मग अॅलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी रेल्वे क्लबच्या खोलीत पडलेलं लाकूड, स्विच आणि वायरी गोळा करून हातात धरायच्या दोन पेट्या बनवल्या. व्हिडिओ गेमसाठी खास बनवलेल्या अगदी सुरुवातीच्या कंट्रोलरांपैकी हा एक. आज घरी प्लायवूडला भोकं पाडून बटणं बसवणारा माणूस नेमकं हेच करत असतो. मॉडेल रेल्वे, हॅम रेडिओ, सोल्डरिंग आणि आर्केड हे छंद एकाच माणसात इतक्या वेळा एकत्र सापडतात, त्याचं मूळ मला या क्लबच्या खोलीत दिसतं.

१९७२ साली बुशनेल-डॅबनींनी अटारी कंपनी काढली. तिथल्या अॅलन अल्कॉर्नने 'पाँग' बनवला, तेव्हाही पडदा म्हणून दुकानातून पंचाहत्तर डॉलरचा हिताची कंपनीचा ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्ही आणला आणि चार फुटी लाकडी खोक्यात बसवला. सनीव्हेलच्या एका बारमध्ये ठेवलेलं ते मशीन थोड्याच दिवसांत बंद पडलं. उघडून पाहिलं तर नाण्यांचा डबा तुडुंब भरून अडला होता. पुढची वर्षं सगळ्यांना माहीत आहेत. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादोने 'स्पेस इन्व्हेडर्स' केला, १९८० साली नामकोत तोरू इवातानीने 'पॅक-मॅन'. 'स्पेस इन्व्हेडर्स'मधले परग्रहवासी जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगाने धावू लागतात. तो वेग ठरवून आणलेला नव्हता. काढायची चित्रं कमी झाली की प्रोसेसरवरचा भार हलका होई आणि बाकीची भराभर सरकत. निशिकादोला ते आवडलं आणि त्याने ते तसंच ठेवलं. हा तपशील लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

एका जपानी ठरावाचा गौरव मात्र फारच कमी झाला आहे, असं मला वाटतं. सुरुवातीला प्रत्येक कंपनीची वायरिंग वेगळी असे. नवा गेम लावायचा तर आतल्या वायरी उपटून नव्याने जोडायच्या, नाहीतर अख्खं खोकं बदलायचं. १९८५च्या सुमारास तिथल्या उत्पादकांच्या 'जामा' या संघटनेने एक कनेक्टर ठरवला. बोर्डाच्या दोन्ही अंगांना अठ्ठावीस-अठ्ठावीस, एकूण ५६ पिना. वीज, चित्र, आवाज, दोन खेळाडूंच्या दांड्या आणि बटणं, नाणं पडल्याची खूण, सगळं या एका जोडणीतून जातं. जुना बोर्ड ओढून काढायचा, नवा खुपसायचा, की गेम बदलला. १९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'ला प्रत्येकी सहा बटणं लागली, तेव्हा लाथांच्या बटणांसाठी वेगळा वायरींचा जुडगा जोडावा लागला, पण मूळ जोडणी टिकली.

आपल्याकडच्या नव्वदीतल्या व्हिडिओ गेम पार्लरना हीच सोय पावली. खोकं तेच, बोर्ड नवा. 'मुस्तफा' नावाने महाराष्ट्रातल्या गल्लोगल्ली खेळला गेलेला गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', मार्क शुल्ट्झच्या कॉमिक्सवर बेतलेला. त्यात निवडायला चौघं होती. त्यातला मुस्तफा सगळ्यात चपळ, धावत येऊन लाथ घालणारा. एका रुपयात जास्त पुढे जायचं तर तोच घ्यावा, हे पोरांनी लगेच ओळखलं आणि गेमचं छापील नाव बाजूला सारलं. या पिढीतला माणूस घरी आर्केड बांधतो तेव्हा सगळ्यात आधी हाच गेम लावून पाहतो.

दरम्यान बोर्ड मरत होते. पार्लर बंद पडली, बोर्ड भंगारात गेले, त्यांच्यासोबत गेमही. इथे कथेत निकोला साल्मोरिया हा इटालियन तरुण येतो. ५ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याने 'मेम' नावाच्या प्रोग्रॅमची पहिली आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. त्याचं तत्त्व समजून घेण्यासारखं आहे. 'मेम'ने गेम नव्याने लिहिले नाहीत. ज्या यंत्रावर ते चालत ते यंत्रच त्याने प्रोग्रॅममध्ये उभं केलं. 'पॅक-मॅन'चा झेड-८० प्रोसेसर, त्याची मेमरी, आवाजाची चिप, प्रत्येकाचं वागणं जसंच्या तसं. मग जुन्या बोर्डावरच्या चिप्समधली माहिती वाचून त्याला दिली की मूळ गेम आपोआप जिवंत होतो. खोट्या यंत्राची परीक्षा खोडींवर होते. 'स्पेस इन्व्हेडर्स' शेवटी धावू लागतो का? 'पॅक-मॅन'ची २५६वी पातळी उजव्या अर्ध्या पडद्यावर अक्षरांचा चिखल करते का? पातळी मोजायला एकच बाइट असल्याने ती चूक मूळ यंत्रात झाली होती. 'मेम'मध्ये ती तशीच उमटते, कारण तिथेही बाइट एकच आहे. सुधारणा करायचा मोह या मंडळींनी आवरला, याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे.

पण कीबोर्डवर खेळून पार्लरची चव येईना. मग लोकांनी जुने कीबोर्ड उघडून त्यांच्या सर्किटवर वायरी सोल्डर केल्या आणि दुसरं टोक आर्केडच्या बटणांना जोडलं. यात एक पेच होता. साध्या कीबोर्डात प्रत्येक कळीला स्वतंत्र वायर नसते. आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत जिथे दोन तारा भेटतात तिथे कळ असते. जाळीतल्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले, की न दाबलेला चौथाही दाबल्यासारखा भासतो. मग कीबोर्ड असा दाब गाळून टाकतो. टायपिंगमध्ये हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दोघे शेजारी उभे राहून 'स्ट्रीट फायटर' खेळत असतील तर मात्र ऐन मोक्याची लाथ बसतच नाही आणि भांडण जुंपतं. यावर इंग्लंडच्या अल्टिमार्कसारख्या छोट्या कंपन्यांनी 'आय-पॅक'सारखी सर्किटं बनवली. प्रत्येक बटणाला स्वतःची वायर, आणि कॉम्प्युटरला वाटतं कीबोर्डच जोडला आहे. 'मेम'मध्ये नाणं टाकण्यासाठी ५ ही कळ आणि सुरुवातीसाठी १ असते. हा शिरस्ता या सर्किटांनीही उचलला, म्हणून ती जोडली की बहुतेक गेम सेटिंग न बदलता चालतात. २००४ साली जॉन सेंट क्लेअरने घरी मशीन कसं बांधावं यावर 'प्रोजेक्ट आर्केड' हे जाडजूड पुस्तक लिहिलं.

राहिला प्रश्न खर्चाचा आणि जागेचा. अख्खा पीसी खोक्यात कोंबायची वेळ २०१२ साली टळली. त्या फेब्रुवारीत इंग्लंडमधून रास्पबेरी पाय आला. पत्त्यांच्या कॅटएवढं सर्किट, किंमत ३५ डॉलर. शाळकरी मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून तो काढला होता, पण आर्केडवाल्यांनी तो लगेच उचलला. पहिल्या मॉडेलला जुन्या टीव्हीची पिवळी पिन होती, हे फार चांगलं झालं. कारण या गेमची चित्रं सीआरटीच्या, म्हणजे काचेच्या फुगीर पडद्यासाठीच काढलेली आहेत. तिथे दोन ओळींमधली काळी फट आणि रंगांची किंचित पसरण चित्राला गोलाई देते. सपाट एलसीडीवर तोच ठिपका टोकदार चौकोन दिसतो. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला वायर, पॉवर सप्लाय, स्पीकर सगळं मिळतं. चांगला जुना सीआरटी मिळाला तर माझं सांगणं एकच, जागा अडली तरी तोच घ्या. आणि 'मेम' फुकट असला, २०१६पासून मुक्त परवान्याखाली असला, तरी गेम आजही त्या त्या कंपन्यांच्या मालकीचे आहेत. कॅपकॉम वगैरे आपले जुने गेम संच करून विकतात, ते विकत घ्यावेत.

वाचवायचं काम अजून संपलेलं नाही. कॅपकॉमच्या १९९३च्या पुढच्या सीपीएस-२ बोर्डांत गेम कुलूपबंद असे आणि किल्ली बॅटरीवर तगणाऱ्या मेमरीत. बॅटरी संपली की बोर्ड मुका. साल्मोरिया आणि आंद्रेआस नाईव्ह यांनी २००७च्या आरंभी ते कुलूप पूर्ण उलगडलं. काही चिप्सचं प्लास्टिक आम्लात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो काढावे लागतात आणि त्यावरून एकेक बिट वाचावा लागतो. म्हणून कुणाच्या माळ्यावर, बंद पडलेल्या पार्लरच्या सामानात असा एखादा बोर्ड असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. बॅटरी गळत असेल तर जाणकाराकडून बदलून घ्या, बोर्ड कोरड्या जागी ठेवा, चिप्स वाचता येणाऱ्या कुणाला तरी दाखवा. काही चिप्सच्या पाठीवर छोटी गोल काच असते आणि तिच्यावर मळकट स्टिकर. तो काढू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी आतली माहिती हळूहळू पुसली जाते, आणि तेवढ्यासाठीच तो तिथे चिकटवलेला आहे.