अमेरिकेत जास्त मतं मिळूनही उमेदवार हरतो कसा?
देशभरातल्या मतांच्या बेरजेला अमेरिकेत ‘पॉप्युलर व्होट’ म्हणतात. पण अध्यक्षपद मिळतं ते ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतांवर. बहुतेक राज्यांत जो एका मतानं का होईना पुढे, त्याच्या पदरात त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं पडतात. म्हणूनच २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन २८ लाखांवर मतांनी पुढे राहूनही हरल्या. २००० साली अल गोर देशात पाच लाखांवर मतांनी पुढे, फ्लोरिडात मात्र अवघ्या ५३७ मतांनी मागे. तिथली फेरमोजणी सुप्रीम कोर्टानं थांबवली आणि खेळ संपला. मोजणी आपल्यासारखी एका आयोगाकडे नाही, ती काउंटीवार चालते. कॅलिफोर्नियात टपाली मतं मोजायला आठवडे लागतात. तेव्हा मतदानाच्या रात्री टीव्हीवर जाहीर होणारा विजेता हा माध्यमांचा हिशेब असतो, सरकारी निकाल नव्हे.